मुकी शर्यत : एक रसग्रहण

दिवाळी अंकासाठी समीक्षेचा लेख मागताना संपादकांची अपेक्षा काय असते हे मला ठाऊक आहे. एखाद्या कादंबरीची चिरफाड करावी, दोन कवींची तुलना करावी, आणि फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला चकलीबरोबर थोडे वैचारिक चर्वणही पुरवावे. यंदा मी त्यांची निराशा करणार आहे. ज्या गोष्टीविषयी मी लिहिणार आहे ती पुस्तक नाही, नाटक नाही, चित्रही नाही. ती आहे मोटारसायकलींची शर्यत. आणि तीही पेट्रोलवर नव्हे, विजेवर धावणाऱ्या मोटारसायकलींची.

शर्यतीचे कसले आले रसग्रहण, असे कोणी विचारील. माझे आजोबा तरुणपणी पाहिलेल्या एका कुस्तीचे वर्णन असे करीत की ऐकणाऱ्याला आखाड्यातल्या मातीचा वास यावा. कोणी कोणाचा पट केव्हा काढला, आणि त्याआधी किती वेळ दोघे नुसते एकमेकांच्या हाताशी खेळत राहिले, हे ते एखाद्या नाटकाच्या अंकाप्रमाणे उलगडून दाखवीत. जिथे रसिक आहे तिथे रस आहे. आणि जिथे रस आहे तिथे बरे काय, उणे काय, हे विचारण्याचा अधिकारही आहे. तो अधिकार पदवीने मिळत नाही, हे एक बरे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वाहनांच्या बाबतीत माझी धाव एका जुन्या स्कूटरपलीकडे गेलेली नाही.

या विषयाशी माझी गाठ पडली ती मिक्सरमुळे. २०२३च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरचा मिक्सर जळाला. आमच्या गावात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मोटर वायंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरचे जळालेले पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, पंखे, असे सारे त्याच्याकडे येते, आणि तो तांब्याच्या तारेचे नवे वेटोळे भरून त्यांना पुन्हा फिरते करतो. मी मिक्सर घेऊन गेलो तेव्हा तो मोबाइल भिंतीला टेकवून, हाताने तार गुंडाळत, डोळ्यांनी शर्यत पाहत होता. मोटो-ई नावाची ती स्पर्धा. अठरा-वीस गाड्या एकामागून एक वळणावर आडव्या होत होत्या, आणि त्यांच्यातून एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येत होती.

"अरे, हा तर आमच्या मिक्सरचाच आवाज!" मी म्हणालो. "यात मजा ती काय? शर्यत म्हटली की छाती धडधडली पाहिजे. ही बघून काही उत्साह वाटत नाही."

तो हसला. तार गुंडाळता गुंडाळताच म्हणाला, "सर, माझ्या प्रगतिपुस्तकावर पण तुम्ही तेच लिहिलं होतं. 'उत्साहाचा अभाव'."

मला काही सुचेना. नववीच्या वर्गात हा मुलगा शेवटच्या बाकावर बसे, बोलत नसे, हात वर करीत नसे, हे मला आठवत होते. शेरा आठवत नव्हता. त्याने मात्र तो कोणताही राग न ठेवता, मोटरचा नंबर सांगावा तसा सांगितला. पुढे म्हणाला, "तुम्ही कडेला उभं राहून बघताय म्हणून तसं वाटतंय. गाडीवर बसून बघा." आणि त्याने दुसरे चित्रण लावले. गाडीवरच बसवलेल्या कॅमेऱ्यातून, स्वाराला दिसते तसे.

त्या दिवसापासून दोन वर्षे मी वेळ मिळेल तेव्हा त्या दुकानात बसून या शर्यती पाहिल्या. पुढे जे मत मांडणार आहे ते त्या बाकावर बसून तयार झालेले आहे.

प्रथम स्वाराचे ते दोन दिवस कसे जात ते सांगितले पाहिजे. शुक्रवारी सराव आणि पात्रता; शनिवारी दोन शर्यती. २०२३ ते २०२५ या तीन हंगामांत सर्व स्वारांना इटलीच्या डुकाटी कंपनीने बनवलेली एकच गाडी दिली जाई. सुरुवातीला तिचे वजन २२५ किलो. त्यांपैकी ११० किलो एकट्या बॅटरीचे. त्या बॅटरीत वीज मावे १८ युनिट. घरोघर विजेचे बिल पाहणाऱ्या गृहिणीला ही संख्या लगेच कळेल. पेट्रोलच्या हिशेबात सांगायचे तर जेमतेम दोन लिटरांइतकी शक्ती. पेट्रोलच्या सर्वांत मोठ्या शर्यतीतील गाडी त्याच काळात २२ लिटरांपर्यंत इंधन घेऊन निघे आणि तिच्या किमान वजनाची मर्यादा होती १५७ किलो. म्हणजे विजेच्या गाडीवरचा स्वार जवळजवळ एक प्रौढ माणूस पाठीशी घेऊन, आणि शिधा मात्र एका मुठीचा घेऊन निघालेला. पेट्रोल आपल्या शक्तीचा मोठा भाग नुसती उष्णता करून उधळते आणि विजेची मोटर जवळजवळ सगळी शक्ती चाकाला देते, म्हणून हा व्यवहार जमतो. तरीही मूठ ती मूठच.

अशी ही गाडी इटलीच्या मुजेल्लोच्या मार्गावर ताशी २७५ किलोमीटरपर्यंत गेली. शर्यत संपली की चार्जरला लावायची. पाऊण तासात बॅटरी ८० टक्के भरते. मग दुपारी पुन्हा तेच.

स्वाराच्या जागी बसून पाहिले की पहिली गोष्ट जाणवते ती ही की, त्याच्या डाव्या हाताला क्लच नाही आणि डाव्या पायाला गिअर नाही. रिकाम्या झालेल्या डाव्या हाताला काही जण मागचा ब्रेक देत. बाकी सारे उजव्या मुठीत. पेट्रोलच्या स्वाराला निमित्ते पुष्कळ असतात. गिअर उशिरा पडला, इंजिनाने दगा दिला. इथे निमित्त नाही. मूठ केसभर अधिक फिरली की चाक सरकते, कमी फिरली की मागचा पुढे जातो. वेग सोडला की मोटरच जनित्र होते, गाडीला मागे ओढते, आणि थोडी वीज परत देते. वजन अधिक असल्यामुळे वळणाआधी मनाची तयारी लवकर करावी लागते; जड गाडी लवकर ऐकत नाही.

दुसरी गोष्ट कानांची. इंजिनाचा गडगडाट नसल्यामुळे त्याच्याखाली दबलेले आवाज वर येतात. शिरस्त्राणावर घासणारा वारा, साखळी, डांबराला टेकलेला गुडघा, टायरची कुरकुर. मागून कोणी आले तर तेही कळते. चित्रकलेच्या वर्गात मी मुलांना सांगत असतो की कागद सगळा रंगवू नका, थोडा कोरा ठेवा, म्हणजे रंगवलेले दिसेल. या शर्यतीत कोरा ठेवलेला कागद होता, आणि मी त्याला रिकामा समजलो होतो.

इथे मला शास्त्राचा थोडा आधार घ्यावासा वाटतो. आपल्या साहित्यशास्त्रात रौद्र आणि वीर हे दोन रस निराळे मानले आहेत. रौद्राचा स्थायिभाव क्रोध. वीराचा स्थायिभाव उत्साह. पेट्रोलच्या शर्यतीत कानठळ्या बसवणारा जो आवाज असतो तो रौद्राचा. तो आपल्याला आवडतो यात वावगे काही नाही. फटाक्याची माळ लावणाऱ्या पोराला मी कधी दोष देत नाही. पण त्या गर्जनेलाच आपण शौर्य समजत आलो, हा घोटाळा आहे. आवाज काढून घ्या, आणि मग काय उरते ते पाहा. उरतो तो पुढे वाकलेला एक माणूस, त्याचा स्थिर हात, आणि ठरवलेल्या खुणेवरच, एक हातही अलीकडे नाही, ब्रेक दाबण्याचा निश्चय. हा उत्साह. तो ऐकू येत नाही, म्हणून तो नाही असे मी दोनदा ठरवले. एकदा या शर्यतीच्या बाबतीत, आणि त्याच्या कितीतरी वर्षे आधी एका मुलाच्या बाबतीत.

परंतु रसिकाने चूक कबूल केली म्हणजे कलाकृती निर्दोष ठरत नाही. मोटो-ई पाहताना मला सारखे वाटे की काहीतरी उणे आहे. ते काय, हे कळण्यासाठी मागे जावे लागले. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावर.

या बेटाच्या सार्वजनिक रस्त्यांवर मोटारसायकलींची जुनी आणि भयंकर शर्यत होते. डोंगरावरून जाणारी एक फेरी पावणेअडतीस मैलांची, म्हणजे साधारण ६०.७ किलोमीटरांची. १२ जून २००९ या दिवशी त्या रस्त्यावर प्रथम विजेच्या गाड्यांची शर्यत झाली. फेरी एकच, कारण त्या काळच्या बॅटरीला एक फेरी पुरी करणे हेच आव्हान होते. काही गाड्या ती पुरी करू शकल्या नाहीत. रॉब बार्बर हा स्वार ताशी ८७.४३४ मैलांच्या सरासरीने पहिला आला. त्याच्या गाडीचे नाव वाचून मी चमकलो : अग्नी. सुझुकीच्या सांगाड्यावर उभी केलेली ही गाडी सेड्रिक लिंच आणि अरविंद रबाडिया यांची. रबाडिया आपल्याकडचे, आणि त्यांच्या अग्नी मोटर्सचा भारताशी संबंध थेट कारखान्याचा. लिंच हा इंग्रज संशोधक लहानपणीच शाळा सोडलेला, अनवाणी हिंडणारा. थाळीसारखी चपटी मोटर हे त्याचे काम. १९७९ साली विजेच्या गाड्यांच्या एका स्पर्धेसाठी त्याने सुपाचे रिकामे डबे सपाट करून, त्यांच्या पत्र्यातून मोटर बनवली होती. हे मी माझ्या विद्यार्थ्याला वाचून दाखवले तेव्हा त्याने हातातली तार खाली ठेवली. "डब्याच्या पत्र्यातून?" एवढेच म्हणाला, आणि दुकानाच्या कोपऱ्यातील भंगाराकडे बराच वेळ पाहत राहिला.

या एका फेरीची रचना पाहावी. सुरुवात डग्लस गावातून. पुढे सल्बीचा लांब, सरळ रस्ता येतो. तिथे मूठ पूर्ण पिळण्याचा मोह आवरणे कठीण. त्यानंतर रॅम्से हे समुद्रकाठचे गाव. तोवर सुमारे ३८ किलोमीटर झालेले असतात, आणि तिथूनच डोंगर चढायला लागतो, जवळजवळ ४०० मीटर. म्हणजे सर्वांत मोठा खर्च प्रवासाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात वाढून ठेवलेला. ज्याने सल्बीला उधळले त्याला डोंगरावर उसने कोण देणार? कोणत्याही नाटककाराने तिसरा अंक यापेक्षा चांगल्या जागी ठेवला नसता. विजेच्या स्वाराचे खरे नाट्य हे आहे. पुढच्या गाडीला गाठणे हे त्याचे अर्धे काम. आपल्याजवळचे किती, केव्हा आणि कशावर खर्चायचे हे ठरवणे हे दुसरे, आणि अधिक कठीण. पहिल्या तारखेचा पगार शेवटच्या आठवड्यापर्यंत पुरवणाऱ्या घरात हे नाट्य समजावून सांगावे लागत नाही.

पुढच्या वर्षीपासून या शर्यतीला टीटी झीरो असे नाव मिळाले, आणि ताशी शंभर मैलांची सरासरी प्रथम गाठणाऱ्यास बेटाच्या सरकारने दहा हजार पौंडांचे बक्षीस लावले. २०१० साली ९६.८२०. २०११ साली मायकेल रटर या स्वाराची सरासरी आली ९९.६०४. अर्ध्या मैलाहून कमी उणे! साठ किलोमीटरांच्या रस्त्यात ते अर्धे मैल कुठे सांडले असेल, हा विचार त्या माणसाने वर्षभर किती वेळा केला असेल? २०१२ साली तोच रटर पुन्हा आला आणि १०४.०५६ मैलांची सरासरी देऊन गेला. पेट्रोलच्या गाड्या या डोंगरी मार्गावर १९११पासून धावत होत्या. त्यांच्यापैकी बॉब मॅकिंटायर याने शंभराचा आकडा ओलांडला तो १९५७ साली. ४६ वर्षे तिथे लागली, इथे तीन. अर्थात ही तुलना सरळ नाही; रस्ता, टायर, सांगाडा हे सारे पेट्रोलवाल्यांनी आधीच घडवून ठेवले होते. धाकट्या भावाने थोरल्याचे कपडे घालून ऐट मिरवू नये. आणि थोरल्याच्या घरातूनही माणसे धाकट्याकडे आली होतीच : २०१४ साली जॉन मॅकगिनेस याला विजयी करणारी विजेची गाडी मुगेन या जपानी कंपनीची, आणि मुगेन स्थापन करणारे हिरोतोशी होंडा हे पेट्रोलच्या मोटारसायकली जगभर नेणाऱ्या सोइचिरो होंडांचे चिरंजीव.

आता मोटो-ईचे उणे काय ते सांगता येते. तिच्या फेऱ्या बहुधा सात-आठ. पेट्रोलच्या मुख्य शर्यतीला जर्मनीतील साक्सनरिंग येथे ३० फेऱ्या असत. बॅटरी पुरून उरेल अशा बेताने अंतर ठरवल्यामुळे स्वाराला पहिल्या क्षणापासून सर्व शक्ती लावता येई. आयोजकांना वाटले की यामुळे शर्यत रंगेल. माझ्या मते त्यांनी या प्रकाराचा प्राणच काढून घेतला. काटकसर हे जिचे नाट्य, तिलाच त्यांनी काटकसरीतून सूट दिली; मग उरली ती पेट्रोलच्या शर्यतीची लहान आणि मुकी प्रत. कथेला कादंबरीचे कपडे घातले की ती कथाही राहत नाही.

दुसरा दोष असा की गाडी सर्वांना एकच. याचा एक गुण मी मान्य करतो : एकाच विषयावर सर्व वर्गाने निबंध लिहावा, तसे स्वाराचे कौशल्य उघडे पडते. पण त्याच वेळी डब्याच्या पत्र्यातून मोटर करणाऱ्या अनवाणी माणसाला त्या मैदानात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. नवी कला घडत असते तेव्हा तिला वेडे कारागीर हवे असतात.

तिसरा दोष प्रचाराचा. ही शर्यत पर्यावरणासाठी कशी हितकर, हे इतक्या वेळा सांगितले गेले की ती पाहणे हे कर्तव्य वाटू लागले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकर वाद आपल्याकडे पुष्कळ गाजला. पण त्या वादातील कोणत्याही पक्षाने असे म्हटले नाही की पुण्य लागते म्हणून कादंबरी वाचावी. त्यातून ही शर्यत मोठ्या शर्यतीला जोडकाम म्हणून ठेवलेली. शाळेत चित्रकलेच्या तासाचे स्थान काय असते हे मी जाणतो. गणिताचा भाग उरला की गणिताचे सर पहिल्यांदा माझाच तास मागून नेतात.

तरीही तिने सोसले फार, हेही नोंदवले पाहिजे. २०१९च्या मार्चमध्ये, पहिला हंगाम सुरू होण्याआधीच, स्पेनमधील हेरेस येथे सरावाच्या दिवसांत रात्री तंबूला आग लागून सगळ्या १८ गाड्या जळून गेल्या. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पुन्हा गाड्या बांधल्या गेल्या, आणि ७ जुलै रोजी साक्सनरिंगला पहिली शर्यत झाली. फिनलंडचा निकी टूली ती जिंकला. एक पडझड होऊन लाल निशाण आल्याने तीही अपुरीच थांबली. या गाड्यांवर एक छोटा दिवा असे. स्वार पडला तर मदतीला धावणाऱ्याने आधी तो दिवा पाहायचा. हिरवा असेल तरच गाडीला हात लावायचा. पेट्रोलची गाडी पडली की धूर दिसतो, वास येतो. ही पडली तरी गप्पच.

टीटी झीरो २०१९नंतर पुन्हा झाली नाही. शेवटच्या वर्षी रटरनेच ताशी १२१.९०९ मैलांची सरासरी दिली. मोटो-ई २०२३ साली विश्वविजेतेपदाच्या दर्जाला चढली, आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये ती स्थगित करीत असल्याचे जाहीर झाले. प्रेक्षक अपेक्षेइतके आले नाहीत, आणि तसल्या गाड्यांना बाजारही मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालमधील पोर्तिमाव येथे तिचा शेवटचा हंगाम संपला. त्या शर्यती आम्ही दुकानात पाहिल्या. शेवटच्या स्वाराने रेघ ओलांडल्यावर माझ्या विद्यार्थ्याने मोबाइल बंद केला आणि एका पंपाची मोटर उघडायला घेतली.

"वाईट वाटलं?" मी विचारले.

"मोटर जळते सर," तो म्हणाला, "मग ती परत भरायची."

या वाक्यावर भाष्य करण्याचा मोह मी टाळतो. माझा निकाल एवढाच : मोटो-ई ही थोर कलाकृती नव्हती. तिच्यातले थोर ते तिच्याच कर्त्यांनी तिला करू दिले नाही. पण ती नीरसही नव्हती. कधी कोणी पुन्हा अशी शर्यत मांडली, तर एवढे करावे : रस्ता लांब ठेवावा, शिधा मोजून द्यावा, गाड्या निरनिराळ्या असू द्याव्यात, आणि स्वाराला एकटे सोडावे. आवाजाची उणीव भासणार नाही.

शाळेच्या नोंदवहीत एकदा लिहिलेला शेरा खरवडून काढता येत नाही. त्यावर तांबड्या शाईने एक रेघ मारायची, मूळ अक्षरे वाचता आली पाहिजेत अशी. बाजूला नवा शेरा लिहायचा आणि खाली सही करायची. विद्यार्थ्याला मी ते प्रगतिपुस्तक आणायला सांगितले आहे. आईच्या पेटीत असेल, शोधतो, असे तो म्हणाला आहे. तोवर ही सही इथे करून ठेवतो.